पाठकोरी पाकिटं

आमच्या घरात कोरा कागद असा नसायचाच. असायचा तो पाठकोरा. एका बाजूला कुठल्यातरी संपाचं, मोर्चाचं नाहीतर सभेचं पत्रक छापलेलं आणि दुसरी बाजू मोकळी. वाटून उरलेली पत्रकं बाबा पट्टी लावून चौकोनी फाडायचे, दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवून ठेवायचे. किराण्याची यादी, माझी गणितं, आईने कामावर जाताना ठेवलेले निरोप आणि पुढच्या पत्रकाचा मसुदा, सगळं त्याच तुकड्यांवर. मी तेराचा पाढा ज्या कागदावर लिहून पाठ केला, त्याच्या मागे किमान वेतनाच्या मागण्या होत्या. अजूनही तेर सक म्हटलं की अठ्ठ्याहत्तरच्या आधी मला चौथी मागणी आठवते. कागदाची एक बाजू वाया घालवणं आमच्याकडे अन्न टाकण्याइतकंच वाईट समजलं जायचं. शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले आणि तिच्या घरच्या कचऱ्याच्या टोपलीत मागून कोरी असलेली लग्नपत्रिका दिसली, की मला त्या अख्ख्या घराची कीव यायची.

पुण्यात कसबा पेठेत एका तीनमजली इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं होती, त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ठोके चालू. पाहुण्यांचं डोकं दुखायचं, आम्हाला मात्र रविवारी ठोके थांबले की चुकल्यासारखं व्हायचं. बाबा एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की ते मसुदा लिहायला बसत आणि मधूनच एखादं वाक्य मोठ्याने वाचून विचारत, "सुनंदा, कळतंय का?" आईला कळलं नाही तर ते वाक्य खोडायचं, हा त्यांचा नियम. छापून आलेली पत्रकं आम्ही तिघं जमिनीवर बसून दुमडायचो. घडीवरून स्टीलचं फुलपात्र दाबून ओढायचं, म्हणजे घडी पक्की होते. त्याचा सर्र सर्र आवाज आणि आईच्या पातोडीच्या रश्श्याचा वास, माझं लहानपण एवढ्या दोन गोष्टींत मावतं. भिंतीवर चिकटवायच्या पत्रकांसाठी मैद्याची खळ घरीच शिजायची. ती पातेल्यात रटरटायला लागली की लापशीसारखा वास सुटायचा. झुरळांनी आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून बाबा तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, आणि पांढरी खळ हलकी निळसर व्हायची. ते पातेलं वेगळं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

बाबांचा विश्वास सोपा होता. कागद हातातून हातात गेला पाहिजे. कपाटात पडलेला कागद म्हणजे तोंड दाबलेला माणूस. मीही तेच मानायचे. बाराव्या वर्षापासून मी पत्रकं वाटायला जायचे, चौदाव्या वर्षी बिनमाईकच्या घोषणा द्यायला लागले. आवाज खणखणीत होता. लोक बाबांना म्हणायचे, "पोरगी पुढे जाणार." समता हे नाव बाबांनी ठेवलं होतं आणि मी ते अंगावर झेंडा घेतल्यासारखं वागवायचे. एकदा बाबांनी स्त्री-पुरुष बरोबरीवर पत्रक काढलं, त्यात बायकांनी नवऱ्याला नावाने हाक मारावी असं एक कलम होतं. ते वाचून आई म्हणाली, "बरं अहो, उद्यापासून मारते." ती पुढे शेवटपर्यंत अहोच म्हणाली.

आई अकोल्याकडची. लग्न करून पुण्यात आली आणि पहिल्या वर्षभरात तिने स्वतःची बोली घडी घालून ठेवून दिली. मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ती टायपिंग करायची. तिथल्या बाकीच्या दोघी पेठेतल्या होत्या. ही 'काहून' म्हणाली की त्या एकमेकींकडे बघायच्या. मग ती 'का' म्हणायला लागली. संध्याकाळी ती घरी आली की पदराला सुक्या मिरच्यांचा आणि गुळाचा वास असायचा, बाबा शिंकायचे, ती हसायची. पत्रकं तीही दुमडायची, आमच्यापेक्षा सुबक, पण सभेला आली तर मागच्या रांगेत बसायची. मला तिची थोडी लाज वाटायची. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, पण ते खरं आहे.

तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती. कपाटावर ठेवलेली एक छोटी लोखंडी पेटी. तिच्यात तिकिटं होती, आणि तीही साधी नव्हेत.

तिकिटांशी तिची गाठ बाबांमुळेच पडली. पत्रकं पाठवायला जुनी पाकिटं स्वस्तात मिळतात म्हणून बाबांनी तिला लेलेकाकांच्या दुकानात पाठवलं होतं. लेलेकाकांचं दुकान म्हणजे कसब्यातल्याच एका जिन्याखालची जागा. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आत पोस्टाची जुनी तिकिटं, नाणी, पाकिटं. लेलेकाका गिऱ्हाईकाचा आधी अपमान करायचे आणि मग माल दाखवायचे. आईने पाकिटं चाळता चाळता एक बदामी पाकीट उचललं. त्याच्याभोवती कागदाचा पट्टा होता, पट्ट्यावर गोल शिक्का होता, आणि तो पट्टा पन्नासेक वर्षं तसाच होता. तिने विचारलं, "हे कुणी उघडलं कसं नाही?" लेलेकाकांनी चष्मा वर सरकवला. म्हणाले, "बाई, तीस वर्षं दुकान चालवतोय. केवढ्याला, हे सगळे विचारतात. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. बसा."

त्या पाकिटात स्पेसिमेन तिकिटं होती. एखादा देश नवीन तिकीट काढतो, तेव्हा इतर देशांच्या टपालखात्यांना नमुने पाठवतो, आमचं तिकीट असं दिसतं, एवढं कळावं म्हणून. कोणी ते वापरू नये यासाठी त्यावर आडवं 'स्पेसिमेन' छापतात. असं तिकीट पत्रावर चिकटत नाही, त्याच्यावर गावाचा शिक्का बसत नाही, ते कुठेच जात नाही. आईला त्यात काय सापडलं हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. ती दर रविवारी दोन तास लेलेकाकांच्या दुकानात जाऊन बसायची. जुन्या पत्रांवरची तिकिटं पाण्यात सोडवायची, वाळवायची, देशांप्रमाणे लावून द्यायची. त्या कामाच्या बदल्यात लेलेकाका तिला अधूनमधून एखादं पाकीट द्यायचे. पंधरा वर्षांत अशी एकतीस पाकिटं झाली. बहुतेक जुन्या इंग्रजी वसाहतींची, आफ्रिकेतल्या आणि कुठल्या कुठल्या बेटांची, प्रत्येक तिकिटावर इंग्रज राजाचं डोकं छापलेलं.

आणि ती फक्त तिकिटं जपत नव्हती. बदामी पाकीट, त्यावरचा पट्टा, आतला पातळ बटर पेपर, टंकलिखित चिठ्ठी, सगळं आलं तसं. पट्टा अलगद सरकवून काढायचा, तिकिटं चिमट्याने बाहेर घ्यायची, बघून पुन्हा तशीच आत. हात धुऊन, वाळवून. मी एकदा चिडून म्हणाले होते, "तिकीट जपतेस ते कळतं. पण आई, वेष्टण कोण जपतं? चॉकलेटचा कागद ठेवण्यासारखं आहे हे."

"तिकिटावर ती अक्षरं कोणीही छापून देतं," ती म्हणाली. "बाजारात खोटी खूप आहेत. हे खरं आहे हे कशावरून? पाकिटावरून. पाकीट गेलं की तिकीट आपली साक्ष देऊ शकत नाही."

मी मान डोलावली आणि ऐकलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आईचं बोलणं घरातल्या पंख्यासारखं वाटतं, चालू असतं एवढंच. त्यात बाबांची टिंगल. "आमच्या घरात अर्धं जग राजाविरुद्ध पत्रकं लिहितं आणि अर्धं जग राजाची डोकी पेटीत ठेवतं," ते म्हणायचे. आई म्हणायची, "पेटीत ठेवलाय म्हणून तर तुम्हाला त्रास देत नाही."

मी अकरावीत होते त्या वर्षी शहरात तिकिटांचं प्रदर्शन भरणार होतं. लेलेकाकांनी आईच्या नकळत तिचं नाव दिलं आणि ते मंजूर होऊन आलं. प्रत्येकाला एक चौकट मिळणार, चौकटीत सोळा पानं लावायची, परीक्षक येऊन बघणार. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी तिने ते स्वयंपाकघरात उभ्याने चार वेळा वाचलं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, 'सौ.' नव्हतं, बाबांचा पत्ता होता पण 'यांच्या पत्नी' नव्हतं. बाबा म्हणाले, "अरे वा, म्हणजे आता तुझीही सभा!" ती लाजली. माझ्या आईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ऑफिस करून ती पानं तयार करायची. जाड पांढऱ्या कागदावर तिकिटं पारदर्शक कोपऱ्यांत बसवलेली, चिकटवलेलं काही नाही, शेजारी त्यांचं पाकीट, खाली बारीक अक्षरात दोन ओळी. दहा दिवसांत पाच पानं झाली. मग अकोल्याहून मामाचा फोन आला, आजोबा पडले, कंबरेचं हाड मोडलं. तिला जावं लागलं. पानं सोमवारी पोचती करायची होती आणि ती रविवारी दुपारी परतणार होती. निघताना तिने पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. रविवारी येते, मग आपण दोघी बसून करू. मी सांगेन तसं तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

एवढंच म्हणाली. पेटी उघडू नको असं ती म्हणाली नाही. तिला म्हणावंसं वाटलं नाही.

मी पेटी उघडली ती शनिवारी दुपारी. मनात पाप नव्हतं, हे मी स्वतःचा बचाव म्हणून लिहीत नाही, पाप असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, ती दमून येणार, रात्रीत अकरा पानं कशी होणार? आणि दुसरं असं, की मला तिची पाच पानं आवडली नव्हती. किती मुकी होती ती. देशाचं नाव, साल, छापखाना. ज्या राजांनी निम्मं जग लुटलं त्यांची डोकी, आणि खाली एक जळजळीत शब्द नाही! मला वाटलं, ही माझ्या आईची पहिली सभा आहे, तिला बोलता येत नाही, तर तिच्या वतीने मी बोलते. कॉलेजच्या भित्तिपत्रकाचं संपादन माझ्याकडेच होतं. अकरा पानं म्हणजे माझ्या हातचा मळ.

बाबा घरी होते. मी कल्पना सांगितली आणि ते खुलले. "तिला चकित करू," म्हणाले, आणि खळ शिजायला ठेवली. मी एकेका पाकिटातून तिकिटं काढली. चिमटा मला सापडला नाही, बोटांनी काढली. तिकिटांच्या पाठीला खळ लावून पांढऱ्या कागदांवर नीट ओळीत चिकटवली. मथळे लाल स्केचपेनने. 'लुटीचे नमुने'. 'या राजाला ओळखा'. मग खालचा मजकूर लिहायला पट्ट्या हव्या होत्या. रंगीत कागद आणायला बोहरी आळीपर्यंत कोण जाणार? एकतीस पाकिटांपैकी सात आईच्या पानांवर लागली होती, बाकीची चोवीस बदामी पाकिटं समोर रिकामी पडली होती. मी त्यांतलं एक उलटून पाहिलं. मागून पूर्ण कोरं. काय सुंदर, जुना, घट्ट कागद होता तो, शाई जराही फुटायची नाही. बाबांनी हातात घेऊन बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "असा पाठकोरा आता मिळत नाही." मी कात्री घेतली. पाकिटं, पट्टे, चिठ्ठ्या सगळं कापलं, शिक्क्यांच्या आणि टाइप केलेल्या बाजू खाली आणि माझी वाक्यं वर. बाबांनी मजकुरातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. मागच्या गल्लीत ठोके चालू होते. संध्याकाळी आईचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हणाले, "एकदम. तू ये आणि बघ."

ती रविवारी साडेतीनला आली. आम्ही अकरा पानं भिंतीला टेकवून ओळीने लावून ठेवली होती. ती चपला काढून आत आली, पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कौतुकाची वाट बघत. ती पहिल्या पानापाशी खाली बसली. एका तिकिटाच्या कडेला निळसर ओल फुटली होती, तिथे तिने बोट नेलं पण टेकवलं नाही.

"खळीत मोरचूद होतं?"

"चिमूटभरच," बाबा म्हणाले. "झुरळं लागतात ना गं."

"पाकिटं कुठेत?"

मी हसून म्हणाले, "ही काय!" आणि एक पट्टी उचलून तिला मागची बाजू दाखवली. त्यावर अर्धा गोल शिक्का होता.

ती पट्टी तिने हातात घेतली. दुसरी घेतली. दोन तुकडे एकमेकांना जुळतात का ते लावून पाहिलं. जुळत नव्हते, मधली चीर मी दुसरीकडे वापरली होती. मग तिच्या तोंडून जे निघालं ते पंधरा-सोळा वर्षांत आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. "काहून कापलं वं हे?" ती म्हणाली. हळूच म्हणाली, रागावून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं. "माय वं, काहून कापलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे, तोपर्यंत होतं. ती पट्टी तिच्या हातात बघताना मला तिचं ते पूर्वीचं वाक्य ऐकू आलं, पाकीट गेलं की तिकीट साक्ष देऊ शकत नाही, आणि मला पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. बाबा म्हणाले, "अगं, पोरीने तुझ्यासाठी..." आणि थांबले. आई उठली, हात-पाय धुतले, खिचडी टाकली. आम्ही तिघांनी ती खाल्ली. तिने मला लोणचं वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि मला घेऊन लेलेकाकांकडे गेली. पिशवीत अकरा पानं. लेलेकाकांनी पहिलं पान बघितलं, मग पुढची बघितली. ते काहीतरी टोचून बोलतील म्हणून मी अंग चोरून उभी होते, तसं बोलले असते तर मला हवंच होतं. त्यांनी फक्त एका तिकिटाचा कोपरा नखाने उचकून बघितला. "पाण्यात टाकली तर सुटतील," म्हणाले. "पाठीचा गोंद गेला, डाग राहतील. आणि ही पाकिटं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बाई, मी परीक्षकांना म्हणालो होतो, अख्ख्या शहरात वेष्टणासकट असा संच दुसरा नाही. कोणी केलं हे?"

"मी," आई म्हणाली.

लेलेकाकांनी एक पट्टी उचलली. तीवर लाल शाईत 'साम्राज्याचा माज' असं लिहिलेलं होतं. "अक्षर तुमचं नाही."

"माझंच आहे. घाईत केलं. लक्षात आलं नाही."

"पंधरा वर्षं हात वाळवून तिकिटाला हात लावणाऱ्या बाई तुम्ही. घाईत?"

"हो."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी चष्मा काढला होता. त्यांचे डोळे मी आधी कधी बिनचष्म्याचे पाहिले नव्हते, फार म्हातारे होते ते. "काय गं," त्यांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

मी म्हणाले, "नाही."

एवढ्याशा दुकानात उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळही मला लागला नाही. बिनमाईकच्या घोषणा देणारी मी. खरं बोलावं यावर पत्रक लिहिणारी मी. मला वाटलं होतं भीती मोठ्या गोष्टींची असते, पोलिसांची, मालकाची. जिन्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला 'मी केलं' म्हणायची भीती असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लेलेकाकांनी चष्मा पुन्हा चढवला आणि आईला कागद दिला. तिने तिथेच उभ्याने लिहिलं: माझ्या निष्काळजीपणामुळे मूळ पाकिटे नष्ट झाली आहेत, तरी माझा सहभाग रद्द करावा. खाली सही. ते पत्र पोचतं करायला मीच गेले.

प्रदर्शन बघायला मात्र तिला जायचं होतं. एवढ्या लोकांचे संग्रह एका ठिकाणी तिने कधी पाहिले नव्हते. तिने सणासुदीला नेसायची हिरवी साडी नेसली आणि मला घेतलं. नावं आधीच छापली गेली होती, त्यामुळे तिची चौकट तिथे होती. आत सोळा रिकाम्या जागा आणि वर तिचं पूर्ण नाव. त्या चौकटीसमोर चार-पाच जण उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यांतले, गळ्यात भिंगं अडकवलेले.

"कोण हो या बाई?"

"लेल्यांच्या शिष्या. मार्केट यार्डात असतात. वऱ्हाडातल्या."

"यांनीच ना पाकिटं कापली? आणि तिकिटं चिकटवली म्हणे. खळीने!"

"खळीने? मग चौकट कशाला अडवली? भिंत द्यायची होती एखादी."

"मार्केट यार्डच ते. मेथीची जुडी सोडल्यासारखी सोडली असतील."

हसले सगळे. दुष्ट नव्हती ती माणसं, एखाद्याची दहा वर्षांची मेहनत दिसली तर डोळ्यांत पाणी येणारी असतील, पण हसले. आई त्यांच्यापासून तीन पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. ती शेजारच्या चौकटीकडे वळून वाचायला लागली, आणि मी बघत होते की तिचे डोळे एकाच ओळीवर आहेत. माझ्या छातीत वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं. पण मी हिरव्या साडीच्या पदराकडे बघत उभी राहिले, ती माणसं पुढच्या चौकटीकडे जाईपर्यंत.

घरी येताना ती बऱ्यापैकी बोलली. "ती कोपऱ्यातली पाकिटं पाहिलीस? तो दोरा सुद्धा जसाच्या तसा. किती जपलं असेल गं." मी हो म्हणाले. पुढच्या रविवारी ती तिची पाच पानं आणि त्यांवरची, वाचलेली सात पाकिटं लेलेकाकांना देऊन आली. मग ती रविवारीही घरीच असायची.

बाबा आता माझ्याजवळ वाघोलीत राहतात. त्यांना तो शनिवार आठवत नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "झालं असेल. पण हेतू चांगला होता ना?" मी त्यांच्याशी भांडले नाही. हेतूवर मी स्वतः इतकी पत्रकं लिहिली आहेत.

लेलेकाका गेले, त्या जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ बसून हेच पुस्तक लिहीत होते. एका दुपारी मी धीर करून म्हणाले, "आई, ती पाकिटं..." तिने हात हलवला, माशी हाकलावी तसा. "तू काय लिहितेस ते सांग." मी सांगितलं, घराबद्दल लिहितेय, बाबांच्या पत्रकांबद्दल, मोर्च्यांबद्दल, तुझ्याबद्दल.

"खरं लिहितेस ना?"

"हो," मी म्हणाले.

तेव्हा या प्रकरणाची एक ओळही लिहिलेली नव्हती, आणि लिहायचा विचारही नव्हता. तिने डोळे मिटले. तिला ते हो खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.

त्या सभागृहात हसलेल्यांपैकी कोणी हयात असेल आणि हे वाचत असेल, तर त्यांना मला सांगायचंय. माझ्या आईच्या हातून आयुष्यात एक कागद वेडावाकडा दुमडला गेला नाही. ती पाकिटं मी कापली. दिवसाढवळ्या, गाणं गुणगुणत, कडा सरळ याव्यात म्हणून जीभ दातांखाली धरून, अगदी मन लावून.